कानामागच्या गाठी

अकोल्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम सुरू केलं त्या वर्षीची गोष्ट. बार्शीटाकळीला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या कानामागच्या लालसर गाठींपैकी एकीचा तुकडा माझ्याकडे तपासणीला आला. बाईंनी कॅन्सरची धास्ती घेतली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्यांची दाटी दिसली. त्यांच्या आतल्या पेशी फुगून पोकळीत डोकावत होत्या. क्षणभर मीही घाबरले. पण त्या पेशींची वाढ बेताल नव्हती आणि भोवती इओसिनोफिल, म्हणजे लालसर दाणे असलेल्या पांढऱ्या रक्तपेशी, पसरल्या होत्या. रक्तवाहिन्यांच्या एका साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीचं हे चित्र मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. खात्रीसाठी स्लाइड माझ्या सरांना दाखवली.

“बरोबर ओळखलंस,” ते म्हणाले. “दुर्मिळ आहे, पण निरुपद्रवी.”

बाई आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, “कॅन्सर नाही. काढल्या तरी गाठी परत येऊ शकतात, पण जिवाला धोका नाही.” आणि त्यांनाच स्लाइड बघायला बसवलं.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग दाराकडे वळून नवऱ्याला हाक मारली, “अहो, आत या. तुमीबी पाहा.”

ते वाकून बघू लागले. “मले तं काईच समजून नाई राह्यलं,” ते म्हणाले, “पण बरं वाटून राह्यलं.”