छातीला पाय चालत नाही

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आमच्या खाडीकडच्या गावांत अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, कमरेत चमक निघाली, की ते माणूस आमच्या घरी येतं, ओटीवर पालथं झोपतं आणि मी डाव्या पायाची टाच त्याच्या मानेखालून कमरेपर्यंत ओढते. असं तीनदा. ओढताना कुणी बोलायचं नाही, मी तर नाहीच. बोललं की गुण जातो, असं माझी आजी सांगायची. शेवटी मी त्या माणसाच्या पाया पडायचं, कारण मोठ्यांना पाय लागलेला असतो.

लहानपणी मला याची मजा वाटायची. शाळेत जे मास्तर छडी मारायचे ते मास्तरसुद्धा एकदा आमच्या ओटीवर पालथे झोपले होते. पण पेणला कॉलेजात जायला लागले आणि ही गोष्ट मी लपवायला लागले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा मिठागरात काम करून मोठे झाले, आई सातवीपर्यंत शिकली. वर्गातल्या मुली घरी यायचं म्हणाल्या की मी काहीतरी कारण सांगायचे. आणि घरी कुणी पाठ धरून आलं की अभ्यास आहे म्हणायचे, पण आई दारातूनच "येते, येते" असं सांगून टाकायची. मग मी यायचेच. नाही म्हणायची मला सवय नव्हती. अजूनही नीटशी नाही.

मागच्या वर्षी कॉलेजात प्रथमोपचारावर एक तास झाला. बोलायला आलेल्या बाईंनी छातीत दुखण्याबद्दल बरंच सांगितलं. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं वाटणं, कुणी वर बसल्यासारखं. ते दुखणं हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणं. गार घाम, धाप, मळमळ. असं काही मिनिटं राहिलं तर वाट बघायची नाही, स्वतः गाडी चालवत जायचं नाही, ताबडतोब दवाखाना. बायकांना आणि साखरेचा आजार असलेल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मला शंका होती. पाठीत जाणारं ते दुखणं आणि आमच्याकडे जिला उसण म्हणतात ती, यांतला फरक कसा ओळखायचा? पण हे विचारलं असतं तर उसण म्हणजे काय, ती घेऊन लोक माझ्याकडे का येतात, हे सगळं सांगावं लागलं असतं. मी मान खाली घालून बसले.

त्यानंतर पावसाळा संपल्यावरची एक सकाळ. मी केस विंचरत होते, कॉलेजला निघायचं होतं. शेजारचे काका आले. ते कंपनीत ठेक्यावर काम करतात आणि रात्रपाळी करून सकाळी घरी येतात. अंगावर बनियन, हातात डब्याची पिशवी. म्हणजे घरीही न जाता आधी आमच्याकडेच आलेले. मागून काकी आली, तिने त्यांना रस्त्यावरून येताना बघितलं असावं.

"उसण भरली गो," काका म्हणाले. "रात्री पत्रा उचलला तेव्हा. इथून इथपर्यंत." त्यांनी छातीवरून हात फिरवून खांद्यामागे नेला. "लाव बाय पाय, म्हणजे निजतो घटकाभर."

"डबा तसाच हाय," काकी पिशवी उघडून म्हणाली. "जेवला पण नाय तुम्ही?"

"इच्छा नव्हती."

आई म्हणाली, "लाव गो लवकर, तुझी रिक्षा जाईल."

मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. छाती, खांदा, जेवणावरची वासना गेलेली. पण खटकणं आणि बोलणं यांत माझ्यासारख्या मुलीला खूप अंतर असतं. काका पालथे झोपले. झोपताना त्यांना त्रास झाला, एका कुशीवर थोडं थांबून मग ते वळले. मी टाच त्यांच्या मानेखाली ठेवली.

बनियन ओलं होतं. पाण्यानं भिजल्यासारखं ओलं, आणि गार. सकाळचं ऊन अजून वर आलेलं नव्हतं. मी टाच खाली ओढली तेव्हा तळव्याला तो गार ओलावा कमरेपर्यंत लागत गेला. मला बाईंचा शब्द आठवला, गार घाम. अगदी तोच शब्द. आणि तरी मी टाच उचलून परत मानेखाली ठेवली, परत ओढली. कारण मधे बोलायचं नसतं. काकी हात जोडून उभी होती. आई उभी होती. मी तिसऱ्यांदाही ओढली.

हे लिहिताना मला अजून तळवा जमिनीला घासावासा वाटतो. त्याला किती वेळ लागला असेल? फार नाही. पण मला कळलेलं होतं आणि मी गप्प होते, एवढं खरं आहे.

मग मी पाया पडले आणि खालूनच म्हणाले, "काका, दवाखान्यात जाऊया."

"अगो, आता तर पाय लावलास."

"उसण नाही ही. तुम्हाला घाम फुटलाय. हार्टचं असेल."

आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही अभद्र बोलले. काकी म्हणाली, "शुभ बोल गो सकाळी सकाळी." काका उठून भिंतीला टेकले. चेहरा राखेसारखा झाला होता, पण ते हसले.

"आणि गॅस निघाला तर? मला काय दुसरा सिलिंडर करतेस?"

हे समजायला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावातल्या एका रिक्षावाल्या दादाच्या छातीत दोन वर्षांपूर्वी दुखायला लागलं होतं. त्याने बायकोला मिठी मारून निरोप घेतला, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, अर्धं गाव त्याच्यामागे पेणला गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पित्त झालंय, रात्रीची वाकटीची, म्हणजे सुक्या मासळीची, चटणी जास्त झाली. त्या दिवसापासून त्याचं नाव सिलिंडर. त्याची रिक्षा दिसली की पोरं ओरडतात, "बाजूला व्हा, लीक हाय!" तो मनावर घेत नाही असं दाखवतो. पण त्यानंतर आमच्या गावात छातीत दुखतंय असं कुणी उघड बोललं नव्हतं. बोलतील कसे?

मी बाहेर रस्त्यावर धावले. धावताना एका पायात माझी आणि एका पायात आईची चप्पल आली. कॉलेजच्या मुलींना न्यायला येणारी रिक्षा त्याचीच होती, नाक्यावर उभी. मी म्हटलं, "दादा, काकांच्या छातीत दुखतंय, पण ते यायला तयार नाहीत."

"का?"

मी खाली बघितलं. त्याला ते कळलं. त्याने रिक्षात बसलेल्या दोघींना उतरवलं आणि सरळ आमच्या अंगणात रिक्षा घातली.

"चल रे," तो काकांना म्हणाला. "गॅस निघाला तर मला बरंच हाय. नाव तुला देतो नि मी मोकळा."

"तू चाळा नको करू."

"चाळा नाय करत. मला तेव्हा घाम नव्हता आला. तुझं बघ, बनियन पिळलं तर बादली भरंल. उठ, नायतर उचलतो, नि उचलताना गावाला बोलवतो."

काका उठले. चालू नका म्हणून मी सांगत होते, पण ते ऐकेनात, म्हणून मी आणि काकीने धरून त्यांना रिक्षात बसवलं. रस्ताभर काकी त्यांची छाती चोळत होती. ॲम्ब्युलन्स मागवायला हवी होती का, हा विचार मला पेणच्या नाक्यावर आला. तेव्हा माझ्या डोक्यात रिक्षाच होती.

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं, ईसीजीची पट्टी काढली, एक गोळी चावायला दिली. डॉक्टर तरुण होत्या. पट्टी हातात धरून त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"रात्रीपासून," काका म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीपासून."

"मग इतका वेळ काय केलंत?"

काकीने अगदी विश्वासाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्याकडे गेले ना. पायाळू हाय ती. पाय लावला हिने."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली माझ्या पायांकडे, त्या दोन वेगळ्या चपलांकडे. रागावतील असं मला वाटलं. मी रागावण्याची वाटच बघत होते. पण त्यांनी नुसतं विचारलं, "शिकतेस?"

"हो. एस. वाय. बी. एस्सी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पनवेलला पाठवायची चिठ्ठी लिहायला लागल्या. त्या 'बरं'पेक्षा थप्पड चालली असती.

पनवेलला न्यायची गाडी येईपर्यंत मी धीर करून त्यांना तो राहिलेला प्रश्न विचारला. उसण आणि हे, ओळखायचं कसं? त्या म्हणाल्या, स्नायू किंवा बरगडीचा सांधा दुखत असेल तर बोटाने दाबल्यावर तिथेच दुखतं, हात हलवला, कूस बदलली की वाढतं. पित्ताचं जळजळतं, ढेकर येतात. फुप्फुसात काही असेल तर खोल श्वास घेताना टोचतं, ताप-खोकला असतो. कधी तेही जिवावर बेततं. नुसत्या घाबरण्यानंही छाती धडधडते, दुखते. "पण हे सगळं आमच्यासाठी आहे," त्या म्हणाल्या. "एकात दुसरं लपलेलं असतं. पत्रा उचलला आणि हार्टचंही झालं, असंही असतं. घरी बसून तुम्ही ओळखायचंच नाही. इथे या. गॅस निघाला तर हसत घरी जा."

आमच्या गावात हसत घरी जाता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पनवेलला काकांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली. ते वाचले. पण रात्रभर अंगावर काढल्यामुळे हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला, जड काम आता नको, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गावात आल्यावर काकी सगळ्यांना सांगत सुटली, "हिचा पाय लागला म्हणून कुंकू राहिलं." रिक्षावाल्या दादाचं नाव तिने एकदा घेतलं, माझ्या पायाचं रोज. मी एकदोनदा म्हटलं, तसं नाही काकी. ती म्हणाली, "बघा, गर्व पण नाय पोरीला." त्यानंतर मी तेही म्हणणं सोडलं.

दिवाळीत मी रोह्याला मावशीकडे गेले. गाडीतून उतरून घरी पोचले तर ओटीवर माणसं बसलेली. मला वाटलं कुणी पाहुणे. मावशी कौतुकाने म्हणाली, "आली बघा. हार्टअटॅकवाल्याला उठवून बसवला हिने." त्यांत एक म्हातारी होती, सुनेला घेऊन आलेली. जिना चढलं की छाती भरून येते, खाली बसलं की उतरते, डाव्या हाताला मुंग्या येतात. हे ती अगदी सहज सांगत होती आणि सांगता सांगता पालथी झोपायला खाली वाकत होती.

मला म्हणायचं होतं की आजी, माझ्या पायात काही नाही, कधीच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मावशीचा चेहरा फुललेला होता. आणि माझ्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"छातीला पाय चालत नाही, आजी. पायाळूचा पाय फक्त कमरेला. छातीचं असेल आणि पाय लावला तर उलटतं."

म्हातारी चटकन सरळ झाली. "असं व्हय? बाई गं! आमाला नव्हतं ठाव."

"छातीचं असेल तर आधी पट्टी काढायची. आजच जा. जाताना जिना चढू नका."

त्या दोघी लगेच उठल्या. डॉक्टर सांगतात म्हणून हललं नसतं ते माणूस, मी एक खोटा नियम सांगितल्यावर हललं. संध्याकाळी सून निरोप घेऊन आली की म्हातारीला ठेवून घेतलंय, बरं झालं बोललीस. मावशीने माझी दृष्ट काढली. मी उभी राहिले आणि काढू दिली. शिकून मी काय केलं होतं? एका खोट्यावर दुसरं खोटं बसवलं होतं, आणि ते पहिल्याहून पक्कं बसलं होतं.

हा नियम माझ्याआधी गावी पोचला. परतले तेव्हा काका त्यांच्या ओटीवर बसले होते, बारीक झालेले. त्यांनी मला हाक मारली.

"छातीला पाय चालत नाय म्हणे. हे कुठलं गो? तुझी आजी असं कधी बोलली नव्हती."

आत काकी भांडी घासत होती. मी हळू आवाजात सांगितलं, "नियम नाही तो काका. मीच केला." आणि मग तेही सांगितलं, की बनियन ओलं लागलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी गप्प राहून तीनदा पाय ओढला.

त्यांनी आत काकीकडे एकदा बघून घेतलं.

"मला रात्रीच कळलं होतं," ते म्हणाले. "उसण काय मला ठाव नाय? जन्म गेला ओझी उचलण्यात. पण सोबतच्यांना काय सांगू? सकाळी सिलिंडर म्हणतील. म्हटलं तुझा पाय लावून घेऊ, मग दवाखान्यात जायला नको."

"हे लोकांना सांगाल का तुम्ही? तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. माझा नियमही नको मग."

"ते नाय सांगवणार गो मला."

मला ते पुरतं समजत होतं. मग तेच म्हणाले, "पण काल मागच्या आळीतला एक पोरगा तुझ्याकडे आला होता, छातीत कळ येते म्हणून. तू नव्हतीस. मी धाडला त्याला पेणला, सिलिंडरच्याच रिक्षातून. माझं सांगितलं थोडं त्याला."

"किती?"

"घामाचं सांगितलं," काका म्हणाले. "लाजेचं नाय."