डोळ्यातला दाब आणि काकांचं शीर्षासन

डोळ्याच्या पडद्याबद्दल अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या श्रूजबरी गावात सर्वांत जास्त जाणणारं डोकं कुठलं असेल, तर ते आमच्या समोरच्या घरातल्या काकांचं; आणि ते डोकं रोज सकाळी जमिनीवर टेकवलेलं असायचं! काका आमचे नात्याचे कुणी नव्हेत, पण नात्यातल्यांपेक्षा हक्काचे. उंदरांच्या डोळ्यातला दाब वाढला की पडद्याचं काय होतं, हे लॅबमध्ये बघण्यात त्यांची हयात गेली. त्यातही बघण्याचं काम करणाऱ्या पेशींचं त्यांना फारसं कौतुक नाही; जीव जडलाय तो त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर. एका पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, कुणा बिचाऱ्यानं सहज विचारलं, "काका, तुम्ही एक्झॅक्टली करता काय?" झालं! हातातलं श्रीखंड विसरून काका सुरू. "अरे, त्या पेशी म्हणजे घरातली कर्ती बाई. सगळ्यांना खाऊ घालणार, केरकचरा काढणार. दाब वाढला तरी आधी सावरूनच घेतात. पण तो उतरलाच नाही ना, की त्याच बिथरतात आणि शेजारच्या नसांचा घात करतात." पलीकडून काकू म्हणाल्या, "कळतंय ना एवढं? मग ती प्लेट सिंकमध्ये ठेवा."

शीर्षासन त्यांना वडिलांनी शिकवलेलं. बर्फ पडो नाहीतर पाहुणे येवोत, त्यात खंड नाही. बेसमेंटमध्ये उलटे होऊन ते लॅबमधल्या पोरांचे फोनसुद्धा घेत. उलटं झालं की डोळ्यातला दाब भरमसाट वाढतो, हे काकांना ठाऊक नव्हतं थोडंच? मी एकदा बोललो, तर म्हणाले, "ते उंदरांचं बघ तू. उंदीर कुठे शीर्षासन करतो?" आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं!

मागच्या हिवाळ्यात गॅरेजमधून गाडी काढताना त्यांनी डावीकडचा आरसा उडवला. नवा बसवला, तोही उडवला. काकूंनी हट्टानं डोळे तपासायला नेलं. ड्राइव्ह मी केलं. काचबिंदू निघाला. "गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी काकांचं शीर्षासन बंद करायला लावलं. येताना काका हळूच म्हणाले, "किती वर्षं सावरून घेतलं असेल रे त्या पेशींनी. मला कळूसुद्धा दिलं नाही." काकू मागच्या सीटवर डोळे पुसत होत्या.

आता सकाळी काका खुर्चीत मान वर करून बसतात आणि काकू थेंब घालतात. दाब आटोक्यात आहे म्हणे. परवा मी त्यांच्या डाव्या बाजूनं आत शिरलो, अगदी जवळ जाऊन उभा राहिलो, तरी त्यांना दिसलो नाही. हाक मारायचा धीर होईना. मागून वळसा घालून उजवीकडे जाऊन बसलो.

"अरे, कधी आलास?"

"हा काय काका, आत्ताच."