पत्र्याची नाव

बोलायच्या आधी तो पाठीत गुद्दा घालायचा आणि मग विचारायचा, "काय साहेब, बरंय नं?" बरा असलेला माणूस तोवर खोकत असायचा. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या मायेपेक्षा त्याचा राग परवडतो. रागात निदान तो यंत्राला मारायचा.

वाळूजच्या एका कारखान्यात तो वेल्डर होता, स्कूटरच्या पेट्रोलटाक्या जोडायचा. मी तपासणी खात्यात. त्याची टाकी मी नापास केली की तो ती माझ्यादेखत लाथेनं चेपायचा आणि माझ्याकडं असा बघायचा, की पुढच्या दोन टाक्या न बघताच मला आवडायच्या. चहा गार आला, बस चुकली, पाऊस लांबला, सगळ्यावर त्याचं एकच उत्तर, "फोडून काढीन."

एकदा शिफ्टच्या बसमध्ये तो शेजारी येऊन बसला. म्हणाला, नाव बांधतोय. पैठणहून गोदावरीतनं थेट समुद्रापर्यंत जाणार, एकटा. मी हसलो आणि एक गुद्दा कमावला.

"आमचं गाव गिळून हे पाणी जातंय कुठं, ते बघायचंय मला," तो म्हणाला.

गाव धरणाखाली गेलं तेव्हा तो लहान होता. वडील घर सोडेनात. पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा थोरल्या भावानं बापाला मारलं, मोटेच्या नाड्यानं बांधलं आणि बैलगाडीत टाकून आणलं. बाप वाचला, पण नव्या वसाहतीत थोरल्याशी एक शब्द न बोलता वर्षभरात गेला. धाकट्यानं ते थोरल्याला कधी माफ केलं नाही. हे सांगताना त्यानं सीटवर अशी बुक्की मारली, की पुढचा प्रवासी उठून उभाच राहिला.

आमच्या खात्यात समुद्र पाहिलेला मी एकटाच, म्हणून सल्लागार झालो. शाळेच्या सहलीत होडीत बसल्याबसल्या ओकलो होतो, एवढं सांगायचं राहिलं. भंगारातल्या पत्र्याची नाव झाली. तळाशी बंद पोकळी, वरून स्कूटरचाच पिस्ता रंग. आता ती तपासायची कशी? आम्हाला तपासणी एकच येत होती, टाकीची. पोकळीत हवा भरली, सांध्यांना साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा आला नाही. मी खडूनं ऐटीत 'पास' लिहिलं. नाव सरळ चालते का, हेही बघायचं असतं, हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तो निघाला त्या दिवशी धरणाचे दरवाजे उघडलेले. एरवी वाळूत रुतेल म्हणून त्यानं पूरच निवडला होता. पैठणच्या घाटाला पाणी धडका देत होतं, अख्खी झाडं मुळांसकट लोळत चालली होती. नव्या गाडीला फोडतात तसा नारळ फोडायचा मान मला मिळाला. मी नावेच्या नाकावर हाणला. नारळ शाबूत, नावेला पोचा. त्यानं तो आतून बुक्कीनं काढला.

तेवढ्यात जीप आली. थोरला उतरला, खांद्यावर जाड नाडा.

"बापाला बांधून आणलं होतं," तो म्हणाला. "तुलाबी बांधून नेतो."

"हात तर लावून बघ."

मग जे झालं त्याला मारामारी म्हणणं म्हणजे पुराला ओहोळ म्हणणं. धाकट्यानं कपाळ हाणून थोरल्याचं नाक फोडलं. थोरल्यानं त्याचं डोकं पायरीवर आपटलं. मी मध्ये पडलो, म्हणजे खरोखरच पडलो. दोघंही माझ्यावरून गेले. शेवटी धाकटा सुटला, नावेत उडी टाकून त्यानं वल्ह्यानं घाट ढकलला.

थोरल्यानं नाडा टाकला आणि दोन्ही हातांनी नावेची कड धरली. नाव परातीसारखी गरगरली, त्याला छातीएवढ्या पाण्यात ओढून घेऊन गेली. त्याला पोहता येत नव्हतं. पत्र्याच्या धारेनं तळवे चिरले, कडेवरून रक्त ओघळायला लागलं.

"दादा, सोड."

"नाय सोडत."

"मरशील, दादा."

"मरू दे."

धाकट्यानं वल्हं उचललं आणि त्या बोटांवर घातलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्या घावाला हाडाचा आवाज आम्हाला घाटावर ऐकू आला. हात सुटले. नाव उडत मधल्या धारेत गेली, तिथं एक गिरकी घेतली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. मी पाण्यात उतरून थोरल्याचा सदरा धरला नि त्याच्यासकट वाहायला लागलो. लोकांनी त्याच नाड्यानं दोघांना ओढून काढलं.

पायरीवर थोरला सुजलेली बोटं मांडीवर ठेवून बसला. रडत नव्हता. म्हणाला, "लई जोरात मारलं त्यानं. हळू मारलं असतं तर मी सोडलं नसतं."

पुढं नावेचा पत्ता लागला नाही, त्याचाही नाही. आम्ही खालच्या गावांतून विचारत फिरलो. कुणी हिरवं काहीतरी जाताना पाहिलं होतं, कुणी तेही नाही.

बऱ्याच वर्षांनी लासूर स्टेशनच्या बाजारात थोरला भेटला. कांदे विकत होता. बोटं वाकडीच बसलेली, पिशवीचं तोंडही धड बांधता येत नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवलं नाही का?

"दाखवलं नं. म्हणला, पुन्हा मोडून बसवावी लागतील."

"मग?"

त्यानं दातांत सुतळी धरून गाठ आवळली आणि पिशवी माझ्याकडं सरकवली.

"त्याला येऊ द्या," तो म्हणाला. "त्यालाच लावतो मोडायला."