वाढीचा हुकूम आणि माशीचं आतडं

बोरिवलीतल्या टॉवरांविरुद्ध बाबा वीस वर्षं पत्रकं लिहितायत. टॉवर एकही थांबला नाही, पण त्यांच्या पत्रकांची भाषा आमच्या घरात सगळ्यांच्या अंगात भिनली. त्यामुळे एमएस्सीच्या प्रकल्पासाठी अंधेरीच्या प्रयोगशाळेत मला फळमाशीचं आतडं मिळालं, तेव्हा मी त्यातही पत्रकच शोधलं.

अळी कोषात जाते तेव्हा तिचं जुनं आतडं मोडीत निघतं. पेशी आतून स्वतःचेच भाग खाऊ लागतात. त्यासाठी आधी पेशींना मिळणारा वाढीचा हुकूम बंद व्हावा लागतो. तो जबरदस्तीने चालू ठेवला, तर हे खाणं अडतं आणि जुनं आतडं जागा सोडत नाही. इतकं आयतं पत्रक मला कुणी कधी दिलं नव्हतं. माश्या वाढवायच्या आधीच मी प्रकल्पाच्या पोस्टरचा मथळा लिहून टाकला: 'वाढीचा हुकूम चालू, तोवर स्वतःला खाणं पूर्ण बंद.'

हे खाणं सूक्ष्मदर्शकाखाली चमकत्या ठिपक्यांसारखं दिसतं. ठिपके मोजण्याआधी काचपट्टीवरचं नाव दुसऱ्या कुणीतरी झाकायचं, असा तिथला नियम. मोजणाऱ्याला कुठलं आतडं कुठलं ते कळता कामा नये. मला हा कामगारावरचा अविश्वास वाटला. मी नावं वाचूनच मोजलं. साध्या माश्यांत ठिपकेच ठिपके, हुकूम चालू ठेवलेल्या, म्हणजे हुकूमवाल्यांत शून्य. तिथे जे अंधुक दिसले ते मी वहीत 'धूळ' लिहून सोडले.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी माझी वही पाहिली. "धूळ एकाच बाजूला बसते का गं?"

त्यांनी स्वतः नावांवर पट्ट्या चिकटवल्या आणि मला सगळं पुन्हा मोजायला लावलं. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. हुकूमवाल्या आतड्यांत ठिपके खूपच कमी होते, पण एकही आतडं रिकामं नव्हतं. पोस्टर दुसऱ्या दिवशी सगळ्या विभागासमोर लागणार होतं.

"मॅडम, मुद्दा तोच राहतो ना?"

"राहतो. फक्त 'पूर्ण बंद' काढ."

घरी बाबांना नवा मथळा वाचून दाखवला: 'वाढीचा हुकूम चालू ठेवल्यास स्वतःला खाणं कमी होतं.'

"'कमी' वाचून मोर्च्याक कोण येतला गो?" ते म्हणाले.

"कोणी नाही," मी म्हटलं आणि फाइल छपाईला पाठवली.