रोह्याची अलाइनमेंट

समोर गॅरेज आणि भिंतीला भिंत लावून शेजार असला, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पावसाळ्यात ओसरीवर चपला साठतात तसे साठतात. पेणला आमच्या खिडकीसमोर हरी मिस्त्रीचं गॅरेज होतं आणि पलीकडच्या भिंतीला दत्ताभाऊंचं घर. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काय काढून फळीवर ठेवू?

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. दत्ताभाऊंकडे मोठा पिकअप होता. जवळच्या जोहे गावाहून गणपतीच्या मूर्ती न्यायचे, एरवी भात, विटा, मिळेल ते. बायको सुनंदा नर्स. तिची नेमणूक रोह्याला झाली आणि ती तिथे वरसे गावात खोली घेऊन राहायला लागली. शनिवारी संध्याकाळी यायची, सोमवारी पहिल्या एस.टी.ने जायची.

दत्ताभाऊ सगळ्यांना सांगायचे, “बरं झालं. घर शांत झालं.”

महिनाभरात त्यांची गाडी डावीकडे ओढायला लागली.

*

हरी मिस्त्रीने आधी चारी टायरची हवा मोजली. मग टायरवरून तळहात फिरवला. टायर एका अंगाने झिजला असेल तर हाताला आधी कळतं, डोळ्याला मागून. शेवटी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली.

“भाऊ, सुतळी चारी जागी टेकते. चाकं सरळ हायत. अलाइनमेंटची काय गरज नाय.”

“तुमची सुतळी जुनी झाली,” दत्ताभाऊ म्हणाले. “रोह्याला दाऊदभाईकडं मशीन आलंय म्हणतात. दाखवून येतो.”

दाऊदभाईकडे मशीन नव्हतं. त्याच्याकडेही सुतळीच होती. हे मला सुनंदाने सांगितलं. त्या दिवशी भर मंगळवारी दत्ताभाऊ तिच्या दारात उभे होते, “गाडी दाखवायला आलो होतो” म्हणत.

*

पुढच्या आठवड्यात हरी मिस्त्री म्हणाला, “रिकामी गाडी सरळ जाते. भरून बघा. लोड दोन्ही अंगांना सारखा ठेवा, नायतर कुठली पण गाडी ओढणारच.”

दत्ताभाऊंनी तांदळाची आठ पोती चढवली, चार इकडे, चार तिकडे, आणि गेले रोह्याला. संध्याकाळी परत आले तेव्हा गाडीत सात होती.

“आठवं कुठाय?” हरीने विचारलं.

“एका अंगाला कमी वजन असलं तर कशी चालते, ते बघत होतो.”

सुनंदा मला म्हणाली, “शोभाताई, मी एकटी बाई. अख्खं पोतं कधी खाऊ? वरसेतल्या साऱ्या शेजारणी माझा तांदूळ खातात नि यांना दुवा देतात.”

*

एका रविवारी सुनंदा कपडे वाळत घालताना थांबली. बदलीचे फॉर्म आले होते. पेण हवं की रोहाच ठेवायचं ते लिहून महिनाअखेरीला द्यायचं. यंदा नाही लिहिलं तर पुढे कितीतरी वर्षं रोहाच.

“मग लिही की पेण,” मी म्हटलं.

“त्यांनी एकदा ‘ये’ म्हणावं. लगेच लिहिते. त्यांनाच घर शांत हवं असेल तर मी कशाला मधे येऊ?”

मी गप्प बसणारी नव्हेच. ती गेल्यावर दत्ताभाऊंना गाठलं.

“वहिनी, तिला तिथं मान हाय,” ते म्हणाले. “गावातल्या बाया तिच्याबिगर सुई टोचून घेत नाय. मी ये म्हटलं आणि उद्या तिला वाटलं नवऱ्यापायी सगळं सोडलं, मग? तिचं तिनं ठरवावं.”

बोलायला ठीक होतं. पण रोज सकाळी भिंतीपलीकडे दोन कपबश्या खाली काढल्याचा आवाज यायचा. थोड्या वेळाने त्यातली एक परत फळीवर जायची.

*

हरी मिस्त्रीला आता हा धंद्याचा अपमान वाटायला लागला. तो स्वतः गाडी घेऊन निघाला, शेजारी दत्ताभाऊ. गडब गावाच्या पुढे सरळ पट्टा लागला. रस्त्याला कडेच्या बाजूला उतार असतो आणि गाडी तिकडे ओढते, म्हणून त्याने मागेपुढे कुणी नाही बघून गाडी मधोमध घेतली आणि स्टिअरिंग सोडून दिलं. गाडी रेघ मारल्यासारखी गेली.

“आता बोला.”

“पोराला डॉक्टरकडं नेलं की ते तिथं खेळायलाच लागतं,” दत्ताभाऊ म्हणाले. “घरी आलं की परत ताप.”

*

रोह्याचा दाऊदभाई जास्त शहाणा. तो गाडीला हातच लावत नसे. पिकअप दिसला की म्हणायचा, “लई काम हाय. दोन तास लागतील. तोवर वरसेला जाऊन या.” आणि दोन तास काचा पुसत बसायचा.

एकदा दत्ताभाऊ वीस मिनिटांतच परत आले.

“एवढ्यात?”

“ड्युटीवर हाय ती.”

दाऊदभाईने फडकं खांद्यावर टाकलं. “मग आज चाकं सरळ हायत. घेऊन जा.”

*

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझं रोह्याला काम निघालं. काय काम ते विचारू नका. येताना दत्ताभाऊंच्या पिकअपमधून सुनंदाला घेऊन आम्ही तिघं निघालो. चढताना ते दोघं ‘आधी तुम्ही’ म्हणत राहिले आणि मी बसले बरोबर मधे. फॉर्म सुनंदाच्या पर्समध्ये, अजून कोरा.

नागोठण्याच्या अलीकडे डावं चाक खड्ड्यात असं आपटलं की माझे दात वाजले. गडबचा सरळ पट्टा लागला. मग सुनंदा समोर बघत म्हणाली, “शोभाताई, त्यांना सांगा, रस्ता सरळ आहे आणि स्टिअरिंग तिरकं धरलंय. आज गाडी खरंच ओढतेय.”

माणसांसमोर ती नवऱ्याशी थेट बोलत नसे. मी सांगितलं. दोघांमध्ये वीतभर अंतर आणि ते वीतभर म्हणजे मी!

दत्ताभाऊंनी गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली, हळूहळू पुढे नेऊन हात सैल सोडला, पुन्हा धरला. “व्हय. ओढतेय.”

“कुठं दाखवणार, विचारा.”

“हरीकडं. पेणलाच.”

“आणि रोह्याला का नाही, विचारा.”

दत्ताभाऊंनी गाडी कडेला थांबवली.

“तिला सांगा, रोहा लांब पडतं.”

“गाडीला?” हे मात्र मी माझ्या मनाने विचारलं.

दत्ताभाऊंनी गिअर टाकला. “माणसाला.”

सुनंदाने पर्स उघडली. फॉर्म काढून माझ्या मांडीवर पसरला, पेनाचं टोपण दातात धरलं. “ताई, हलू नका. आणि त्यांना सांगा, हळू चालवा.”

लिहायचा एकच शब्द होता. दत्ताभाऊंनी मात्र पेण येईस्तोवर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.