लोबान, माश्या आणि सतरावा सोमवार

मधमाश्या पाळायला घेतल्या की मध साठायला महिने लागतात. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साठतात! ओमानमधल्या आमच्या आमेरातच्या अंगणातले हे काही.

श्रावणात सोळा सोमवार धरले आणि बोलून बसले, "उद्यापनाच्या पंचामृतात मध घरच्या माश्यांचाच!"

हे म्हणाले, "महादेवाला सुपरमार्केटचा चालत नाही का?"

"त्याला चालतो हो. पण मी बोललेय ना!"

* * *

घरमालक सालिमचाचा भिंतीपलीकडेच राहतात. पिढ्यान्‌पिढ्या मधवाले. त्यांनी खजुराचं पोकळ खोड माश्यांसकट आणून अंगणात आडवं ठेवलं. दोन्ही तोंडांना झाकणं, पुढच्या झाकणाला भोक. इथली मधमाश्यांची पेटी अशीच असते.

हे लांबूनच म्हणाले, "अगं, मृदंग मागवलास की काय?"

* * *

नवी वस्तू घरात आली, पूजा नको? हळदकुंकू वाहिलं आणि सलालाहचा उत्तम लोबान भोकासमोर चांगला पाव तास धुपवला. सगळ्या माश्या बाहेर! जाऊन लोंबकळल्या त्या थेट ह्यांच्या गाडीच्या आरशाला. हे टॅक्सीने ऑफिसला गेले.

सालिमचाचांनी ओंजळी भरभरून त्या परत आत घातल्या. "मॅडम, ये पूजा नहीं, नोटिस है! धुआँ मतलब, यल्ला, घर खाली करो!"

तेव्हापासून खोडाला नुसता लांबून नमस्कार.

* * *

माश्यांसाठी वाडग्यात खडे घालून पाणी ठेवलं होतं. त्याकडे एकही फिरकेना. सगळ्या तुळशीपाशी, पिंडीवरच्या अभिषेकाचं पाणी प्यायला!

लेक शाळेतून आली, बघत राहिली. "आई, हनीबीजना पण मंडेचा फास्ट आहे?"

* * *

तेराव्या सोमवारी चाचांना चहा विचारला.

"आज रोज़ा।"

"रमज़ान तो कब का हो गया!"

"सोमवार का रोज़ा। बचपन से रखता।"

दोघंही उपाशी. बोरी नुकत्या फुललेल्या, पोळ्यातला मध अजून कच्चा, सोमवार मोजकेच उरलेले. मी विचारलं, "मिलेगा ना?"

"इन्शाल्ला।"

"नक्की?"

"इन्शाल्ला बोला ना! उससे पक्का क्या होता है?"

* * *

आणि सतराव्या सोमवारी, उद्यापनाच्या दुपारी, चाचांनी मागचं झाकण काढलं. सोनेरी पोळं, काठोकाठ भरलेलं! मला तर रडूच आलं.

हे चमचा घेऊन आले.

"देवाआधी नाही!"

"मग चाचा, आप चखो।"

"रोज़ा।"

"मग मी तरी?"

"तुमची शुगर?"

तिघंही मधाकडे नुसती बघत उभी!

एक वाटी देवासाठी ठेवली, एक चाचांकडे पाठवली, रोजा सोडायला. संध्याकाळी अज़ान झाली. माझं पंचामृत नुकतंच कालवून होत होतं, निरांजन लावायचं होतं. तेवढ्यात भिंतीवरून चाचांचं डोकं वर आलं. हातात वाटी, तशीच भरलेली.

"मॅडम, रोज़ा खजूर से खोल दिया। यल्ला, तुम्हारा आरती कब खलास होगा?"