मिठी मारली आन् आंघोळ केली

मॅच जिंकली आन् वकिलाच्या पोरानं मले मिठी मारली.

तो खामगावच्या क्लबाचा कप्तान. अकोल्याच्या शेवटच्या गड्याचा कॅच म्या घेतला, आन् खुशीत तो सारं इसरला. "शाब्बास बे!" म्हणत बाकीचेही आंगावर पडले. वरच्या जातीचं आंग माह्या आंगाले पयल्यांदा लागलं. मी येडा, हरखलो.

मंग कोणीतरी हळूच बोललं. कप्तानाचं तोंड उतरलं. मैदानाच्या कडेला विहीर होती. सारे तिथं गेले आन् कपड्यासकट आंघोळ केली. माह्यासमोर. हसत.

मी महारवाड्यातला. माह्या हातून बॉल कोणी घेत नसे. जमिनीवर ठेवा लागे, मंग दुसरा उचले. माती लागली का इटाळ जाते म्हणे! वा रे शास्त्र!

क्लबानं मले पगारावर ठेवलं होतं. कापसाच्या जिनात नावाले नोकरी, काम बॉल टाकाचं. माह्या गावात, पिंपळगाव राजाले, बाप साऱ्याइले सांगे, पोरगा खेळून पोट भरते. म्हणून हा अपमान गिळत होतो.

त्या दिवशी मॅच पाहाले मिशनचा अमेरिकन पादरी आला होता. त्यानं मले बाजूले घेतलं.

"आमच्या देशात बेसबॉल आहे. मेक्सिकोचे सावळे लोक पगारावर खेळतात. जे पहिले आले, त्यांना फार शिव्या. हॉटेलात जागा नाही."

"मंग काऊन खेळले?"

"त्यांनी सहन केलं, मागून दुसरे आले. तू पण सहन कर."

आंग जळालं माह्यं. मेक्सिको कुठं हाये, मले ठाव नाही. पण तिथल्या त्या पयल्या गड्याले कोणी इचारलं का, बाबा, तुले सहन कराचं हाये का?

पुढची मॅच नागपूरवाल्यांसंग. कप्तान म्हणे, "चाल, बॉल टाक."

"टाकतो. पयले साऱ्याइसमोर हात मिळव. आन् मंग आंघोळ करू नको."

"डोकं फिरलं का बे तुह्यं?"

"आता फिरलं. इतके दिवस ठिकाणावर होतं, थेच चुकलं."

मैदान सोडलं. नोकरी गेली. बाप म्हणे, "भाकरीले लाथ मारली तुनं." मारली. पोटात आग होती, पण मान वर होती.

आता महारवाड्यातले आन् मोमीनपुऱ्यातले गडी घेऊन मी टीम बांधली. क्लब निरोपावर निरोप धाडते, परत ये म्हणून. मी जात नाही. आमच्यासंग मॅच पाह्यजे तं कप्तानानं आमच्या वस्तीत यावं, आमच्या रांजणातलं पाणी प्यावं. मंगच टॉस होईन.